पिवळ्या पत्रिकेचं काळं पान

ती बातमी आली तेव्हा शकुंतलाबाई स्वयंपाकघरात बसून गवारीच्या शेंगा मोडत होत्या. कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती. धारवाडजवळच्या आमच्या केलगेरीच्या तळ्याकडून येणारा वारा खिडकीच्या पडद्याशी खेळत होता आणि मी फ्रिजवर, क्रोशाच्या रुमालावर, निवांत पडलो होतो. एकदम माझ्या अंगातून टिंग असा आवाज आला.

हा आवाज करणारा मी एक टॅब आहे. पाटीएवढा, काळ्या काठाचा, एका कोपऱ्यात जरासा टवका उडालेला. माझ्यासारख्यांतून दिवसभर कुणी ना कुणी बोलत असतं. भजन म्हणतं, पाककृती सांगतं, हवामान सांगतं. माझं स्वतःचं मात्र कुणी कधी विचारलं नाही. म्हणून आज सांगून टाकतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते एक खोकं, आणि त्याचं झाकण उघडल्यावर दिसलेला एक चेहरा. हुबळीच्या कोप्पीकर रोडवरच्या दुकानात, जाड भिंगांचा चष्मा घातलेले एक गृहस्थ माझ्याकडे साक्षीदाराकडे बघावं तसे बघत होते. "यात कागद वाचता येतात का? पुष्कळ कागद?" त्यांनी दुकानदाराला विचारलं. दुकानदार म्हणाला, "काका, यात अख्खं कोर्ट मावतं." ते हसले आणि त्यांनी मला विकत घेतलं.

ते श्रीहरी हल्याळकर, धारवाडचे वकील. त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई मराठी शाळेत शिकवत असत. वकिलांनी कोर्टात जाणं थांबवलं होतं, पण निकाल वाचणं थांबवलं नव्हतं. जुने, नवे, कुठकुठल्या हायकोर्टांचे निकाल पीडीएफ करून ते माझ्यात भरत आणि एखाद्याने कादंबरी वाचावी तसे वाचत. मध्येच "शाब्बास!" म्हणत. कधी "छे छे, हे चुकलं," म्हणून माझ्या काचेवर बोट आपटत. माझा कोपऱ्यातला टवका अशाच एका निकालामुळे उडाला. तो त्यांना मुळीच पटला नव्हता.

त्यांना पहाटे लवकर जाग येई. मग अंथरुणातच उशीला टेकून ते मला उघडत. एका पहाटे शेजारून बाईंचा आवाज आला, "अहो, तुमच्या त्या पाटीचा उजेड माझ्या तोंडावर येतोय. झोपू द्या की."

वकिलांनी मला लगेच पालथं घातलं. दिवस उजाडल्यावर ते ओसरीत बसले आणि माझ्यातलं वाचायचं ॲप उघडून त्यातल्या खुणा एकेक करून दाबू लागले. अक्षरं मोठी झाली, मग लहान झाली. पानं आडवी झाली. शेवटी एका खुणेवर बोट पडलं आणि पांढरं पान काळं झालं, त्यावरची काळी अक्षरं पांढरी झाली. उजेड एकदम विझल्यासारखा झाला, पण वाचता मात्र छान येत होतं. त्या खुणेचं नाव होतं 'रात्रीचा मोड'. वकिलांनी मला हातभर लांब धरलं, जवळ धरलं आणि कुणाला न सांगता खिशात चॉकलेट लपवणाऱ्या मुलासारखे हसले.

तेव्हापासून त्या ॲपमध्ये जे उघडेल ते उलट्या रंगात दिसू लागलं. दिवसासुद्धा ते तसंच वाचत. पुन्हा खूण बदलायचा त्यांना कंटाळा.

गेल्या श्रावणात वकील गेले.

बाईंनी मला फ्रिजवर ठेवलं. मला वाटलं होतं, आता माझी बॅटरी एक दिवस संपेल आणि मी तसाच राहीन. पण दर सोमवारी तुळशीला पाणी घालून झालं की बाई मला चार्जिंगला लावत. वापरायच्या म्हणाल तर फक्त रविवारी. त्या दिवशी हुबळीहून त्यांच्या भावाची मुलगी उत्तरा व्हिडिओ कॉल करी. वाचायच्या ॲपला मात्र त्यांनी हात लावला नाही. ती यजमानांची खोली आहे आणि तिथे विचारल्याशिवाय जायचं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात असावं.

आणि मग गवारीच्या शेंगांची ती सकाळ आली.

टिंग झाल्यावर बाईंनी हात पुसले आणि मला खाली काढलं. संदेश त्यांचे धाकटे भाऊ गुरुराज यांचा होता. 'अक्का, उत्तराची पत्रिका तयार झाली. पहिल्यांदा तुलाच पाठवतोय. तू हो म्हटल्याशिवाय छापणार नाही. आणि मंगलाष्टकाचं मनावर घे.' खाली एक पीडीएफ जोडलेली.

लग्न ठरतंय हे बाईंना माहीत होतं, पण तारीख पक्की झाल्याचं आता कळत होतं. त्यांचा चेहरा इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा उजळला.

यांच्या माहेरी एक रीत आहे. भाचीचं मंगलाष्टक आत्याने लिहायचं आणि मांडवात उभं राहून आत्यानेच म्हणायचं. शकुंतलाबाईंच्या लग्नात त्यांच्या आत्याने म्हटलं होतं. उत्तरा लहान असताना बाईंच्या पदराचा अंतरपाट करून बाहुल्यांची लग्नं लावायची आणि बाईंना मंगलाष्टक म्हणायला लावायची. "माझ्या खऱ्या लग्नात यापेक्षा मोठं म्हणायचं हं आत्या," असं तिने तेव्हाच बजावून ठेवलं होतं. पण वकील गेल्यापासून बाई कुठल्याच कार्याला गेल्या नव्हत्या. कुणी बोलावलं तर म्हणत, "मी घरूनच अक्षता टाकीन." भाऊ, भावजय, उत्तरा, सगळे त्यांना विनवत होते. बाई हो म्हणत नव्हत्या, नाहीही म्हणत नव्हत्या.

त्यांनी चष्मा लावला आणि फाइलवर बोट ठेवलं. फाइल सरळ त्या वाचायच्या ॲपमध्ये उघडली.

मी काय करणार? मला जसं सांगून ठेवलं होतं तसंच मी दाखवलं. फिकट हळदीच्या रंगाचं पान माझ्या काचेवर काळं झालं. कुंकवाच्या रंगातला गणपती हिरवट-निळा झाला. अक्षरं भुतासारखी पांढुरकी झाली.

बाईंचा हात तसाच थांबला.

ज्या घरात पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावल्याशिवाय ती पाकिटात घालत नाहीत, त्या घरातल्या बाईसमोर काळी पत्रिका आली होती. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांनी अलीकडे एकच मजकूर पाहिला होता. तो वर्तमानपत्रात, वकिलांच्या फोटोखाली छापलेला होता. विधवेने शुभकार्यापासून लांब राहावं, हेच भावाने न बोलता कळवलंय, असा अर्थ त्यांनी घेतला असावा.

त्यांनी पान खाली सरकवलंच नाही. खाली सरकवलं असतं तर निमंत्रकांमध्ये सगळ्यांत आधी स्वतःचं नाव दिसलं असतं. उत्तराने हट्ट करून ते घालून घेतलं होतं. पण बाईंनी मला मिटवलं, फ्रिजवर ठेवलं आणि उरलेल्या शेंगा मोडायला बसल्या. कुकरची शिट्टी झाली. त्यांनी गॅस बंद केला नाही. पुढची झाली तेव्हा भानावर आल्या.

दुपारी भावाचा फोन आला. बाईंकडे बटणांचा एक साधा फोन आहे, त्यावर. मी फ्रिजवरून सगळं ऐकत होतो.

"अक्का, बघितलीस?"

"बघितली."

"मग? छापायला सांगू?"

"सांग की. मला कशाला विचारतोस?"

"अगं, तुला नाही तर कुणाला विचारायचं? मजकूर ठीक आहे ना?"

"सगळं ठीक आहे. बरं केलंस गुरू, स्पष्ट केलंस. मी घरूनच अक्षता टाकीन."

पलीकडे गुरुराज गोंधळले असावेत. फोन हिसकावून उत्तराच बोलायला लागली. तिचा आवाज फोनबाहेर येण्याइतका मोठा आहे. "आत्या, रंग कसा वाटला ते आधी सांग. मी तीन दिवस भांडून निवडलाय."

बाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला. "तू निवडलास? माझ्यासाठी योग्यच आहे, पोरी. पण बाकीच्यांना तरी काळी पाठवू नका."

"काळी? कोण काळी?"

"पत्रिका."

"आत्या! पत्रिका पिवळी आहे!"

"मला दिसतं गं अजून."

मग फोनवर एकच कल्लोळ झाला. मागून उत्तराच्या आईचा, अनितावहिनींचा आवाज आला, "अक्कांना मोतीबिंदू तर झाला नाही ना?" आणि बाईंच्या कपाळावर आठी चढली. "तिला सांग, सुईत दोरा मी अजून एका झटक्यात ओवते."

त्यानंतर हुबळीत काय घडलं ते मला नंतर त्यांच्याच बोलण्यातून कळलं. कमरीपेठेत अभिषेकचं छोटं प्रेस आहे. पत्रिका त्यानेच जुळवली होती. बापलेक त्याच्याकडे धावले. अभिषेकने आपल्या संगणकावर फाइल उघडून दाखवली. स्वच्छ पिवळी! "छलो अद की री काका! चांगली तर आहे! यात काळं कुठं आहे?" गुरुराजांनी आपल्या फोनवर उघडली, पिवळी. उत्तराच्या फोनवर पिवळी. चहावाल्याच्या फोनवर पाठवून पाहिली, तिथेही पिवळी. सगळ्या हुबळीत पत्रिका पिवळी होती आणि फक्त केलगेरीत काळी होती.

"रंग फार फिका झालाय, म्हणून त्यांना दिसत नसेल," अभिषेकने निदान केलं. त्याने हळदीचा रंग चांगला गडद केला आणि फाइल पुन्हा पाठवली.

मी टिंग केलं. बाईंनी उघडली. पिवळा जितका गडद, तितकं माझ्याकडे निळं. या वेळी पान शाईच्या दौतीसारखं निळं झालं.

"आता निळी आली," बाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं.

"निळी?" गुरुराज ओरडले. "अरे अभिषेक, अक्का म्हणते निळी!"

"निळा मी आयुष्यात घातला नाही हो काका लग्नाच्या पत्रिकेत!"

अभिषेक हाडाचा कारागीर. हार मानायला तयार नाही. त्याने रंग काढूनच टाकला आणि कोरी पांढरी पार्श्वभूमी ठेवून पाठवली. ती तर माझ्याकडे डांबरासारखी काळी झाली. शेवटी त्याला वाटलं, फाइलचाच काही घोटाळा असेल, सरळ फोटो करून पाठवू. त्याने गडद पिवळ्या पत्रिकेचा फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला.

फोटो वाचायच्या ॲपमध्ये उघडत नाही. तो जसा होता तसा माझ्या काचेवर उमटला. हळदीचं पान, लाल गणपती, गडद तपकिरी अक्षरं. मला इतका आनंद झाला की जमलं असतं तर मी उडी मारली असती. आता बाईंना कळेल, मी म्हटलं. पीडीएफ काळी आणि फोटो पिवळा, म्हणजे पत्रिका बरोबर आहे आणि घोळ माझ्यातल्या त्या एका खुणेचा आहे. इतकं सरळ!

पण माणसं आमच्यासारखा विचार करत नाहीत. बाईंनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, "मिळाली पिवळी. माझ्यासाठी मुद्दाम नवीन करायला लावलीत. उगीच त्रास दिला तुम्हाला."

आणि फोन ठेवला.

मला तेव्हा तोंड असतं तर! सगळं ठाऊक असून गप्प बसणं काय असतं, ते एखाद्या टॅबला विचारा. उत्तरासारखी भाची, तिच्या लग्नात आत्याचं मंगलाष्टक नाही, आणि कशामुळे? तर माझ्या पोटातल्या एका मुक्या खुणेमुळे. बाईंनी त्या संध्याकाळी कपाटातून लग्नात नेसायची म्हणून काढून ठेवलेली मोरपंखी साडी पुन्हा घडी करून आत ठेवली. म्हणजे साडी त्यांनी काढून ठेवली होती! हे मलाही तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. वाजलं कसलं, बडवलं. उत्तरा आली होती. हुबळी-धारवाडमध्ये धावणाऱ्या चिगरी बसने धारवाड, तिथून रिक्षाने केलगेरी. ओढणी खांद्यावरून घसरलेली आणि चेहरा भांडायला निघाल्यासारखा.

"लग्न ठरलेल्या मुलीने असं उन्हातान्हात हिंडू नये," बाई म्हणाल्या.

"आणि आत्याने भाचीवर असा संशय घ्यावा का? कुठाय तो टॅब?"

"संशय कसला? आधी पाणी पी."

"पाणी नंतर. काळी पत्रिका दाखव."

बाईंनी मला तिच्या हातात दिलं. उत्तराने फाइल उघडली आणि तिचं तोंडही उघडंच राहिलं. "अय्यो! खरंच की गं काळी!"

"मी काय खोटं बोलत होते?"

उत्तराने आधी माझा उजेड वाढवला. काळं जास्त चकाकलं. मला बंद करून सुरू केलं. मी उठलो, पत्रिका काळीच. फाइल पुसून पुन्हा उतरवून घेतली. काळी. मग ती थांबली, ओठ चावत जराशी विचारात पडली आणि म्हणाली, "आत्या, यात दुसरी एखादी पीडीएफ आहे का?"

"यांचे निकाल आहेत." बाईंचा आवाज खाली गेला. "ते उघडू नकोस."

"फक्त रंग बघते. वाचत नाही. चालेल?"

बाईंनी मान हलवली. उत्तराने वकिलांचा एक निकाल उघडला. काळं पान, पांढरी अक्षरं.

"आत्या, हेही काळंच आहे!"

"ते काळंच असतं," बाई म्हणाल्या. "कोर्टाचं आहे ना."

उत्तराने मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे काय? कोर्टाचे कागद काळे. मी रोज बघायची ना, हे ओसरीत वाचत बसायचे तेव्हा."

"आत्या, कोर्टात कोट काळा असतो! कागद पांढराच असतो!" उत्तराला असं हसू फुटलं की ती जमिनीवरच बसली. "इतकी वर्षं वकिलाशी संसार केलास आणि तुला वाटलं, कागदसुद्धा काळे घालून येतात?"

"त्यांच्या फायली घरी लाल फितीत यायच्या. आत डोकावायला मला कुठे वेळ होता? चाळीस मुलांचे निबंध तपासायचे असायचे." बाई रागावल्यासारखं बोलल्या, पण त्यांचंही हसू सुटलं. या घरात दोघी एकदम हसलेल्या मी बऱ्याच दिवसांनी ऐकल्या.

उत्तराने कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. माझ्या अंगावर शहारा आला असं म्हणायला हरकत नाही. यादी उघडली. 'रात्रीचा मोड', आणि त्यापुढे बरोबरची खूण.

"सापडलं! हे कुणी लावून ठेवलंय? रात्रीचा मोड. यात पानाचे रंग उलटे दिसतात. अंधारात वाचताना उजेड कमी पडावा म्हणून असतं हे."

तिने ती खूण काढली. पांढरं पान माझ्या काचेवर उमललं. मग तिने पहिली पत्रिका उघडली आणि हळदीचा रंग माझ्या काठापासून काठापर्यंत पसरला. गणपती पुन्हा लाल झाला.

"बघ! पहिल्यापासून अशीच होती. शपथ."

पण बाई पत्रिकेकडे बघत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "अंधारात वाचताना?"

"हो. शेजारी कुणी झोपलेलं असलं तर त्याच्या तोंडावर उजेड येत नाही."

बाईंनी मला उत्तराच्या हातातून घेतलं आणि मांडीवर ठेवलं. माझा टवका चाचपत म्हणाल्या, "मी एकदा बोलले होते त्यांना. पहाटे. उजेड तोंडावर येतो म्हणून. दुसऱ्या दिवसापासून उजेड आलाच नाही. मला वाटलं, माझ्या बोलण्याने त्यांनी पहाटेचं वाचन सोडून दिलं. केवढी आवड होती त्यांना. मनाला लागून राहिलं होतं ते."

"काकांनी आणि वाचन सोडलं? आत्या, तू घोरत होतीस आणि ते शेजारी मजेत वाचत होते!"

"मी घोरत नाही," बाई म्हणाल्या. मग पदराने डोळे टिपले आणि परत म्हणाल्या, "लबाड माणूस. एका शब्दाने सांगितलं नाही मला."

मी सगळ्या पहाटांचा साक्षीदार. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की वकील वाचता वाचता अधूनमधून माझ्यावरची नजर काढून शेजारी बघत, आणि उजेड कुठवर पडतोय याचा अंदाज घेऊन मला आणखी जरा तिरपं धरत. पण बाईंना ते सांगायची गरज उरली नव्हती.

मग त्यांनी चष्मा पुसला आणि पत्रिका वाचली. शाळेत वाचत तशी, मोठ्याने, प्रत्येक शब्दाखाली बोट धरून. वाचत वाचत खाली आल्या. निमंत्रकांमध्ये पहिलंच नाव होतं, श्रीमती शकुंतला श्रीहरी हल्याळकर.

"हे माझं नाव पहिलं कुणी घातलं?"

"मी."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांना आधी पत्रिका नीट दिसू दे."

बाईंनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. "जा, तुझ्या बापाला फोन कर. म्हणावं, छापा. आणि गडद पिवळी नको, ही पहिली फिकीच बरी. आणि मंगलाष्टक कुठल्या वृत्तात हवंय ते विचार."

"म्हणजे येणार तू?"

"न येऊन सांगते कुणाला? तुझ्या त्या अभिषेकने माझ्यापायी किती रंग घोटले असतील!"

उत्तराने हुबळीला फोन लावला. तिकडे गुरुराजांचा "आयतु, आयतु, झालं! गेलं एकदाचं काळं!" असा आवाज आला आणि मागे अनितावहिनी कुणाला तरी साखर वाटायला सांगत होत्या. निघताना उत्तरा मला पुन्हा फ्रिजवर ठेवू लागली, तेव्हा बाई म्हणाल्या, "थांब. ती खूण होती तशी कर."

"अगं, परत काळं होईल सगळं."

"होऊ दे. आता मला ठाऊक आहे ना."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत धामधुमीचे. बाई दुपारी लिहीत, खोडत, गुणगुणत. ओळी जुळल्या की उत्तराला फोनवर म्हणून दाखवत. मंगलाष्टकात केलगेरीचं तळं आलं, बाहुल्यांची लग्नं आली, आणि उत्तराच्या हट्टाखातर चिगरी बससुद्धा आली. ती वृत्तात बसेना. बाईंनी दोन दिवस झटून बसवली. मग अभिषेकने सगळं टंकून, भोवती फुलांची वेल काढून त्याची पीडीएफ माझ्यात पाठवली. सोबत त्याने विचारलं होतं, 'मावशी, रंग कसा दिसतोय?' बाईंनी उत्तर लिहिलं, 'काळा. छान आहे.' बिचारा त्या दिवशी जेवला की नाही कोण जाणे.

लग्न हुबळीला झालं. मोरपंखी साडी नेसून, मला दोन्ही हातांत धरून बाई मांडवात उभ्या राहिल्या. अंतरपाट धरला होता. अक्षता मुठीत घेऊन माणसं वाट बघत होती. माझ्या काळ्या पानावर पांढरी अक्षरं होती आणि ती बाईंना लांबूनही स्वच्छ दिसत होती.

गुरुराज शेजारी उभे होते. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि ते दचकले. "अक्का, अगं, शुभकार्यात काळं?" ते पुटपुटले.

"वाचायला बरं असतं," बाई तितक्याच हळू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडावर उजेड येत नाही."

आणि त्यांनी आवाज लावला. शाळेतल्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. चिगरी बसच्या ओळीला हशा पिकला. अंतरपाटाआड नवरीसुद्धा खांदे हलवून हसत होती. अक्षतांचा एक दाणा माझ्या टवक्यात अडकला. तो अजून तिथेच आहे, बाई काढत नाहीत.

आता मी फ्रिजवर नसतो. बाईंच्या उशाशी असतो. पहाटे त्यांनाही हल्ली लवकर जाग येते. त्या मला उघडतात, काळ्या पानावर कधी जुनी मासिकं वाचतात, कधी उत्तराने पाठवलेल्या कथा. मी जुना झालोय. चार्जिंग लवकर उतरतं, बोट दोनदा लावावं लागतं. मला त्याचं दुःख नाही. एवढंच सांगावंसं वाटतं की तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल आणि तो काही भलतंच दाखवत असेल, तर पाठवणाऱ्यावर रुसण्याआधी जरा त्या तीन ठिपक्यांत डोकावून बघा. तिथे घरातल्याच कुणाचं तरी बोट लागलेलं असतं.

वकिलांचे निकाल बाईंनी पुसले नाहीत. त्यांतला एक, वकील शेवटचा वाचत होते तो, त्यांनी जिथे सोडला तिथेच उघडतो. त्याची शेवटची काही पानं वाचायची राहिली आहेत.